माझं पोट आणि अण्णांचा हुरडा

गेल्या जानेवारीत माझं पोट दुखायला लागलं आणि त्याचं कारण मी स्वतःच शोधून काढलं. ते कारण चुकीचं होतं. पण मी ते इतक्या खात्रीनं सांगत होतो, की सुनंदा सोडून कुणालाच डॉक्टरची आठवण झाली नाही. आणि सुनंदाचं ऐकायची आमच्या घरात पद्धत नाही. (म्हणजे मी ऐकत नाही. बाकी सगळे ऐकतात, म्हणून घर चाललंय.)

मी शिवानंद. सोलापुरात माझं स्टीलच्या भांड्यांचं दुकान आहे. पंचावन्नी ओलांडली आहे. दिवसभर गादीवर बसून असतो, त्यामुळे माझा आकार हळूहळू माझ्याच दुकानातल्या पिंपाकडे झुकायला लागलाय. सुनंदा माझी बायको. तिचं माहेर मंगळवेढ्याचं. तिथं तिचे थोरले बंधू, अण्णा, शेती करतात आणि दर हिवाळ्यात आम्हाला हुरड्याला बोलावतात. अण्णांची ज्वारी हा त्यांचा जीव की प्राण. तिच्याबद्दल कुणी वावगं बोललेलं त्यांना चालत नाही.

त्या रविवारी अण्णा आगटीपाशी बसून कणसं भाजत होते, चोळत होते आणि गरम गरम दाणे माझ्यापुढं ओतत होते. शेंगाची चटणी, गूळ, दही, वांग्याचं भरीत, सगळा थाट होता. मी पोटभर खाल्लं. मग जरा थांबलो.

"दाजी, घ्या की," अण्णा म्हणाले. "लाजताय व्हय?"

लाजण्याचा आरोप मला सहन होत नाही. मी पुन्हा सुरुवात केली.

दुसऱ्या दिवशी दुकानात बसल्या बसल्या बेंबीच्या खाली, उजव्या बाजूला दुखायला लागलं. कुणीतरी आतून बोट रोवून धरलंय आणि काढायचं विसरलंय, तसं.

"गॅस आहे," मी घरी आल्यावर सुनंदाला सांगितलं.

"तुम्हाला कसं कळलं?"

"पोट माझं आहे."

पोट माझं असण्याबद्दल शंका घ्यायला जागा नव्हती.

मी ओवा खाल्ला. बेंबीला हिंग लावला. सोडा प्यायलो. त्यानं एक मोठी ढेकर आली आणि मी सुनंदाकडे बघून मान डोलावली, पण दुखणं जिथल्या तिथं. मग मोबाइलवर एका गृहस्थानं गॅसवर आसन दाखवलं होतं, ते करायला सकाळी गच्चीवर गेलो. उताणं झोपायचं, गुडघे पोटाशी घ्यायचे आणि हातानं आवळायचे. मी उताणा झालो, गुडघे पोटाशी घेतले आणि तेवढ्यात अशी कळ आली की ते गुडघे ना पुढं जाईनात, ना मागं. त्या अवस्थेत मी आभाळाकडे बघत पडून राहिलो. शेजारच्या गच्चीवर तिथल्या सूनबाई कपडे वाळत घालत होत्या. त्यांनी बराच वेळ माझ्याकडे आदरानं बघितलं.

"काका, किती वेळ धरायचं असतं हे?" त्यांनी विचारलं.

"जमेल तितका," मी म्हणालो. "तुम्ही जरा सुनंदाला हाक मारता का?"

सुनंदानं मला एका कुशीवर वळवून, भिंतीला टेकवून, टप्प्याटप्प्यानं उभं केलं. आमच्या दुकानात मोठी पिंपं अशीच हलवतात.

संध्याकाळी अंगात कणकण आली. मी म्हणालो, उन्हाचा ताप आहे, शेतात बसलो होतो ना. सुनंदा म्हणाली, जानेवारी आहे. मी म्हणालो, सोलापूरच्या उन्हाला महिना लागत नाही. तिनं थर्मामीटर लावला, बघितला आणि माझ्यासमोर खुर्ची ओढून बसली. ती खुर्ची ओढून बसली की विषय गंभीर असतो.

"हे बघा, उजवीकडे खाली दुखतंय. ताप आहे. जेवण जात नाही. हे अपेंडिक्स असेल. डॉक्टरकडे चला."

मला हसू आलं. (हसताना दुखत होतं, म्हणून थोडंच हसलो.)

"सुनंदा, माझं अपेंडिक्स सातवीत असतानाच काढलंय. विसरलीस का?"

ती विसरणं शक्यच नव्हतं. लग्न झाल्यापासून ती हे ऐकत आली होती. लहानपणी माझं ऑपरेशन झालं, पोटावर त्याचा व्रण आहे आणि त्या अनुभवामुळे मी आमच्या नात्यातला अपेंडिक्सचा जाणकार मानला जातो. कुणाचंही उजवीकडे दुखलं की मला फोन येतो. कसं दुखतं, कुठं दाबलं की कळ येते, टाके कधी काढतात, हे मी आजवर अनेकांना तपशिलानं समजावून सांगितलेलं आहे. दोघाजणांना मी ऑपरेशनच्या खोलीपर्यंत धीर देत सोडून आलो होतो.

"जे पोटात नाही ते दुखणार कसं?" मी विचारलं.

डॉक्टरकडे जाणं टळलं आणि मी वाद जिंकला.

मग अक्कलकोटहून माझ्या थोरल्या बहिणीचा, अक्काचा फोन आला. अक्काचं निम्मं बोलणं कानडीत असतं आणि निम्मं हुकमात. मी तिचा तम्मा, म्हणजे धाकटा भाऊ.

"होट्टी ब्यानी?" तिनं विचारलं. म्हणजे पोटदुखी का. "किती दिवस? आणि पोट साफ?"

"नाही गं अक्का."

"मग तेच की. सकाळी उपाशीपोटी एरंडेल घे तम्मा. सगळं मोकळं होतंय."

मी एरंडेल घेतलं. एवढंच सांगतो की त्या सकाळी मोकळं व्हायचं ते झालं, दुखणं मात्र आत राहिलं आणि वाढलं. प्रत्येक फेरीनंतर मी भिंत धरून बाहेर येत होतो आणि दाराबाहेर उभ्या सुनंदाला "आता बरं वाटतंय" असं सांगत होतो. चौथ्यांदा सांगताना मी जमिनीवर बसलेला होतो.

एव्हाना माझ्या तब्येतीची बातमी पसरली होती. फोनवर फोन येत होते. काय झालं, कशानं झालं? प्रत्येकाला मी एकच उत्तर देत होतो, "अण्णांचा हुरडा बाधला." लहान वाक्य होतं, दम लागत नव्हता. ते वाक्य माझ्या घरातून निघून मंगळवेढ्याला पोचेल, असं काही माझ्या डोक्यात आलं नाही.

तरी मी दुसऱ्या दिवशी दुकानात गेलो. एका बाईंना झाकण हवं होतं. ते खालच्या फळीवर होतं. मी वाकलो, झाकण हातात घेतलं आणि मग सरळ होता येईना. मी तसाच कमरेत वाकलेला, दोन्ही हातांत झाकण धरून.

"अहो, एवढं कशाला वाकायचं," बाई संकोचून म्हणाल्या. मग जरा वाट बघून त्यांनी विचारलं, "यात मोठं नाही का?"

पुढचं सगळं सुनंदानं केलं. ती आली, बाईंना मोठं झाकण दिलं, शटर ओढलं आणि मला रिक्षात घातलं. दवाखान्यापर्यंतच्या प्रत्येक खड्ड्यानं माझी वेगळी तपासणी केली. रिक्षावाल्यानं आरशात माझं तोंड बघितलं आणि गाडी हळू घेतली. सुनंदा सारखी पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती आणि सोडत होती. एरवी अशा वेळी ती मला बोलते. त्या दिवशी बोलली नाही, तेव्हा मला पहिल्यांदा भीती वाटली.

डॉक्टर मॅडम तरुण होत्या. आमच्या पल्लवीपेक्षा (ही आमची मुलगी, पुण्यात नोकरीला असते) चार-पाच वर्षांनी मोठ्या असतील. त्यांनी पोट दाबलं. उजवीकडे खाली हात आला तसा मी खाटेवरून वर उचललो गेलो.

"काका, अपेंडिक्सचं काही..."

"शक्य नाही," मी म्हणालो. "ते काढलेलं आहे. सातवीत. हा बघा व्रण."

मॅडमनी व्रण बघितला. चष्मा वर केला आणि पुन्हा बघितला.

"हा बराच खाली आहे. जांघेत. अपेंडिक्सचा वाटत नाही मला."

"डॉक्टर, अपेंडिक्स माझं होतं. मला माहीत नसेल?"

"घरात कुणाला नक्की आठवत असेल का?"

मी अभिमानानं अक्काला फोन लावायला सांगितला. सुनंदानं लावला आणि मॅडमना ऐकू यावं म्हणून स्पीकर सुरू केला. आम्ही होतो त्या खोलीत पडद्यापलीकडे आणखी दोन पेशंट आणि त्यांची माणसं होती, हे इथं सांगायला हवं.

"अक्का, लहानपणी माझं अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं होतं ना, ते जरा डॉक्टरांना सांग."

"अपेंडिक्स कुठलं?" अक्काचा आवाज अक्कलकोटहून फोनशिवायही आला असता. "तुझं आतडं खाली उतरलं होतं की. हर्निया. नको त्या जागी ही एवढी सूज आली होती."

पडद्यापलीकडचं बोलणं थांबलं.

"पण बाबा तर म्हणायचे..."

"शाळेतली पोरं चिडवतील म्हणून बाबांनी अपेंडिक्स सांगितलं सगळीकडे. तुलाही तेच सांगितलं. तू लहान होतास, सगळ्यांना दाखवत सुटला असतास."

"मग मोठा झाल्यावर तरी सांगायचं."

"मोठा झालास तेव्हा तू लोकांना सल्ले देत होतास तम्मा. मध्येच कसं सांगणार?"

मी छताकडे बघत राहिलो. ज्या दोघांना मी धीर देत ऑपरेशनच्या खोलीपर्यंत सोडलं होतं, त्यांचे चेहरे मला दिसायला लागले. मॅडम कागदावर काहीतरी लिहीत होत्या. त्यांचे खांदे किंचित हलत होते.

आता अपेंडिक्स माझ्याकडे होतं आणि ते ऑपरेशन करून काढावं लागेल, अशी चिन्हं दिसायला लागली. सोनोग्राफी झाली. तिथले डॉक्टर पडद्याकडे बघत म्हणाले, "गॅसमुळे नीट दिसत नाहीये."

"ऐकलंस?" मी सुनंदाला म्हणालो. "गॅस."

तिनं माझ्याकडे असं बघितलं की पुढं तो शब्द मी वापरला नाही.

मग सीटी स्कॅन. शिरेतून औषध सोडताना तिथल्या माणसानं सांगितलं होतं, अंगातून गरम लाट जाईल, घाबरू नका. लाट गेली. ती जिथं जाऊन थांबली, तिथं मला वाटलं की या वयात आपल्या हातून जे व्हायला नको ते झालं. स्कॅन संपल्यावर मी उठेना.

"उठा की मालक," तो म्हणाला.

"चादर बघा आधी," मी हळूच म्हणालो.

"कोरडी हाय. सगळ्यांना तसंच वाटतंय."

त्या दिवसातली माझ्यासाठी ती पहिली चांगली बातमी.

दुसरी बातमी घेऊन मॅडम आल्या. अपेंडिक्स जागेवर होतं आणि ठणठणीत होतं. दुखत होतं ते मोठं आतडं. वयाबरोबर मोठ्या आतड्याची भिंत काही ठिकाणी कमजोर होते आणि तिथं बाहेरच्या बाजूला छोटे छोटे फुगे येतात. पुष्कळांना असतात. आयुष्यभर कळतही नाहीत. पण त्यातल्या एखाद्याला सूज आली, संसर्ग झाला, की असं दुखतं, ताप येतो. "याला डायव्हर्टिक्युलायटिस म्हणतात," मॅडम म्हणाल्या. "बऱ्याच जणांना डावीकडे होतो. आपल्याकडे उजवीकडेही दिसतो, म्हणून अपेंडिक्स वाटतं."

आम्ही दोघांनी तो शब्द म्हणून बघितला. सुनंदा मध्यापर्यंत पोचली. मी पहिल्या वळणावरच पडलो.

"फुगा फुटलेला नाही, पू झालेला नाही," मॅडम म्हणाल्या. "ऑपरेशन लागेल असं वाटत नाही. दाखल करू, सलाइनमधून औषधं देऊ, आतड्याला विश्रांती देऊ. पण उशीर केलात काका. आणि मधे काही घेतलंत का? जुलाबाचं वगैरे?"

मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघितलं. सुनंदानं सांगितलं, "एरंडेल."

"आत सूज असताना एरंडेल?" मॅडमचा आवाज बदलला. "पुन्हा असं करू नका. फुटलं असतं तर आज आपण वेगळ्या खोलीत असतो."

मग त्यांनी माझ्या एरवीच्या सवयी विचारल्या. पोट रोज साफ होतं का? मी म्हणालो, व्यवस्थित. सुनंदा म्हणाली, "पेपर पूर्ण वाचून होतो तेव्हा. छोट्या जाहिरातींसकट." पाणी किती पिता? मी म्हणालो, भरपूर. सुनंदा म्हणाली, चहा भरपूर. भाकरी, पालेभाजी? मी काही म्हणायच्या आत सुनंदा म्हणाली की गेली कित्येक वर्षं हे दुकानात खारी, टोस्ट आणि भजी यांच्यावर आहेत, भाकरी वाढली तर "आपण काय खेड्यात राहतो का" असं विचारतात. मॅडम सगळं लिहून घेत होत्या. मला वाटलं, आता माझी सही घेतील.

दाखल झालो. तोंडावाटे सुरुवातीला जवळपास काहीच नाही, नंतर घोट घोट पाणी. एकदा मी डोळे मिटून पडलो होतो. सुनंदाला वाटलं, झोप लागली. मॅडम आल्या होत्या. सुनंदा त्यांना दाराशी घेऊन गेली आणि अगदी हळू आवाजात विचारलं, "मॅडम, दुसरं काही नाही ना? गाठ वगैरे?"

"स्कॅनमध्ये तसं दिसत नाही," मॅडम म्हणाल्या. "पण सूज पूर्ण उतरली की काही आठवड्यांनी दुर्बिणीनं आतडं आतून बघून घेऊ. म्हणजे खात्री होईल."

सुनंदा परत येऊन बसली. तिनं माझ्या पायावरचं पांघरूण नीट केलं, मग पुन्हा नीट केलं. ते मुळात नीटच होतं. मी डोळे मिटूनच राहिलो. आयुष्यात पहिल्यांदा मला काहीतरी माहीत होतं आणि मी ते बोललो नाही.

दुसऱ्या दिवशी अण्णा आले. धोतर, टोपी, खांद्याला पिशवी, आणि चेहरा असा की भेटायला आलेत की भांडायला, ते कळेना.

"बरं हाय का दाजी?"

"हळूहळू बरं वाटतंय अण्णा."

"बरं. माझ्या हुरड्यानं तुमाला बाधलं म्हनं."

मी सलाइनच्या बाटलीकडे बघितलं. तीही मदतीला येण्यासारखी नव्हती.

"गावात तोंड दाखवायला जागा न्हाय," अण्णा म्हणाले. "रविवारी पाहुनं येनार हुतं हुरड्याला. त्यांनी फोन करून सांगितलं, औंदा नको. सोयरे म्हनत्यात, ह्यांच्या रानातला हुरडा खाऊन जावई सलाइनवर हाय. कुनी सांगितलं ह्ये?"

"अहो अण्णा, लोक काहीही बोलतात," मी म्हणालो.

"यांनीच सांगितलं," सुनंदा म्हणाली. माहेरचं माणूस आलं की तिला खोटं बोलता येत नाही. (एरवीही येत नाही.)

अण्णा स्टुलावर बसले. त्यांना राग आला असता तर मला बरं वाटलं असतं. त्यांना वाईट वाटलं होतं. मला खाऊ घालायला ते त्या दिवशी आगटीपाशी धुरात बसले होते आणि त्यांनी स्वतः शेवटी खाल्लं होतं, हे मला तेव्हा आठवलं.

तेवढ्यात मॅडम फेरीवर आल्या. अण्णा उठले, पिशवीतून एक पुडकं काढलं आणि त्यांच्यापुढं धरलं. आत ताजा हुरडा होता.

"मॅडम, एवढं तपासा. काय दोष निघाला तर मी पुना कुनाला बोलावनार न्हाय."

मॅडमनी पुडक्याकडे बघितलं, अण्णांकडे बघितलं. मग हात पुसले, चिमूटभर दाणे घेतले आणि तोंडात टाकले. आम्ही सगळे त्यांच्या तोंडाकडे बघत होतो.

"गोड आहे," त्या म्हणाल्या. "छान आहे."

"बिया अडकून तर ह्ये झालं नसंल न्हवं? गावात म्हनत्यात, दानं आतड्यात रुतलं."

"नाही हो. पूर्वी तसं मानायचे. दाण्यांनी, शेंगदाण्यांनी हे होत नाही. ते फुगे वर्षानुवर्षं तयार होत असतात. उलट हे बरे झाले की ज्वारीची भाकरी, पालेभाज्या, असंच खायचंय यांना. हळूहळू वाढवत. पाणीही भरपूर."

अण्णांनी टोपी काढली, परत घातली. "ह्ये जरा आमच्या सोयऱ्यांना फोनवर सांगता का?"

"ते काका सांगतील," मॅडम म्हणाल्या आणि माझ्याकडे बोट केलं. "आवाज चांगला आहे त्यांचा."

त्या दुपारी मी हाताला सुई असताना एकेकाला फोन केला. "हुरड्याचा काही संबंध नाही," मी सांगायचो. "मग काय झालंय?" लोक विचारायचे. मी ते नाव म्हणायचा प्रयत्न करायचो. पलीकडून विचारायचे, "बोलायला त्रास होतोय का?" पुण्याहून रजा काढून आलेल्या पल्लवीनं शेवटी माझ्या हातून फोन घेतला आणि प्रत्येकाला "आतड्याला सूज" एवढंच सांगितलं. अण्णा शेजारी बसून एकेक नाव सुचवत होते. एकही सोयरा सुटला नाही. पुढच्या रविवारी त्यांच्याकडे पाहुणे आले, असं नंतर कळलं.

घरी सोडलं तेव्हा सूचना होत्या. आधी पातळ, मग पेज, मऊ भात, दुधी, आणि पूर्ण बरं वाटल्यावरच भाकरी. दुखणं वाढलं, ताप आला, उलट्या झाल्या, रक्त पडलं किंवा पोट कडक झालं, तर तडक निघून यायचं. सुनंदानं हे सगळं पाठ केलं आणि सकाळ-संध्याकाळ हजेरी घ्यायला लागली.

"ताप?"

"नाही."

"उलटी?"

"नाही."

"पोट?"

"आहे."

"नीट सांगा."

माझा अशक्तपणा हळूहळू गेला. पेजेनंतर मऊ भात आला, भातानंतर एक दिवस पातळ भाकरी आली आणि मी मुकाट्यानं खाल्ली. अण्णांनी ज्वारीचं पोतं पाठवलं. अक्कानं मेथी आणि चाकवत पाठवला आणि निरोप दिला की एरंडेल तिनं सांगितलं नव्हतं, मला ऐकू चुकीचं आलं असेल. दुकानात मी गादीवरून उठून गिऱ्हाइकाला स्वतः भांडी दाखवायला लागलो. जुनी गिऱ्हाइकं घाबरली. त्यांना वाटलं, दुकान विकायला काढलंय.

मग दुर्बिणीच्या तपासणीचा दिवस आला. आदल्या दिवशी एक खारट औषध पाण्यात कालवून प्यायचं असतं, आतडं धुऊन निघण्यासाठी. त्या दिवशी पेपर वाचायला मला सवड मिळाली नाही. मथळेसुद्धा नाहीत.

तपासणीच्या वेळी गुंगीचं इंजेक्शन दिलं होतं. मला काहीच कळलं नाही. डोळे उघडले तेव्हा मॅडम सुनंदाला सांगत होत्या, "आतून सगळं व्यवस्थित आहे. छोटे फुगे आहेत तेवढे आहेत. गाठ नाही, काही नाही."

सुनंदानं मान डोलावली. मग ती माझ्याकडे वळली आणि माझ्या चपला दारात वेड्यावाकड्या काढल्याबद्दल मला बोलायला लागली. मी इतकी वर्षं चपला कशा काढतो, घरात कशा काढतो, लोकांकडे गेल्यावर कशा काढतो. बोलता बोलता तिनं डोळे पुसले आणि बोलणं चालूच ठेवलं. मी ऐकत होतो. तिचं बोलणं इतकं मन लावून मी आजवर कधी ऐकलं नव्हतं.

घरी आल्यावर पल्लवीचा पुण्याहून फोन आला. रिपोर्ट पाठवा म्हणाली. रिपोर्टच्या पानावर आतड्याचे आतून घेतलेले रंगीत फोटो होते. गुलाबी, चकचकीत, गोल गोल. मी त्यांचा जवळून फोटो काढला आणि पाठवला. गुंगी अजून पुरती उतरली नव्हती. तो पल्लवीऐवजी आमच्या सगळ्या नातेवाइकांच्या ग्रुपवर गेला.

पहिल्यांदा धाकट्या काकांनी हात जोडले. मग एका मावशींनी लिहिलं, "फार प्रसन्न वाटलं." अक्कानं लिहिलं, "एवढ्या लांब गेलास, मला सांगितलं नाहीस." अण्णांनी मंगळवेढ्याहून विचारलं, "लई भारी जागा हाय दाजी. कुटं हाय ही गुहा? पोरास्नी घेऊन जातो."

पल्लवीचा पुन्हा फोन. "बाबा, आधी तो डिलीट करा."

मी ताबडतोब केला. पण तो फक्त माझ्याच फोनमधून गेला, हे मला दोन दिवसांनी कळलं, जेव्हा धाकट्या काकांनी त्यावर सुप्रभात लिहून तो परत पाठवला.

परवा पुढच्या तपासणीला गेलो, तर फाइल घरी राहिली होती. मॅडम म्हणाल्या, "त्या फोटोंची कॉपी आहे का काका फोनमध्ये?"

"सुप्रभात लिहिलेला आहे. नुसता हवा तर एक मिनिट," मी म्हणालो आणि मंगळवेढ्याला अण्णांना फोन लावला.